"उद्या वडिलांना घेऊन ये"
शाळेतून घरी पाठवलेल्या मुलाचे पुढे काय होते?



या अंकात शिक्षेविषयी लिहायचे ठरवले आहे. मारण्याच्या शिक्षेबद्दल आता बरेच बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण दुसरी एक शिक्षा आपल्या शाळांत आणि वसतिगृहांत रोज दिली जाते. तिला कोणी शिक्षा म्हणतही नाही. "दोन दिवस शाळेत येऊ नकोस", "वडिलांना घेऊन आल्याशिवाय वर्गात बसायचे नाही", "पेटी उचल आणि घरी जा". कागदावर तिला निलंबन म्हणतात, वापरात "घरी पाठवणे". काठी नाही, वळ नाही, आरडाओरडा नाही. म्हणून ती सौम्य वाटते. आदिवासी मुलांच्या बाबतीत ती सौम्य नाही, हे मी माझ्याच एका चुकीतून शिकलो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात मुलांच्या एका वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवडाभरात सातवीतला एक मुलगा रात्री कुंपण ओलांडून पळाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून परत आला. कुठे गेला होतास, असे विचारले तर मान खाली घालून उभा राहिला. पुन्हा विचारले, तरी गप्प. मला तो उद्धटपणा वाटला. इतर चाळीस मुले बघत होती. मी म्हणालो, "जा, वडिलांना घेऊन ये. त्याशिवाय आत यायचे नाही." तो गेला. पेटी मात्र तिथेच ठेवून गेला, कारण परत यायचे हे त्याच्या मनात पक्के होते.

तो आला नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मला वाटले, आईवडिलांनीच ठेवून घेतले असेल. नाताळानंतर कामानिमित्त भिवंडीकडे गेलो असताना त्याच्या गावची माणसे एका वीटभट्टीवर आहेत असे कळले, म्हणून वाट वाकडी केली. तो तिथे होता. कच्च्या विटा उन्हात उलट्या करून ठेवत होता. मग सगळा उलगडा झाला. ज्या रात्री तो पळाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टीमालकाची गाडी गावात येणार होती. आईवडील आणि धाकटी बहीण जूनपर्यंत दिसणार नव्हती. तो त्यांना भेटायला गेला होता. आणि ज्या वडिलांना भेटून तो आला, त्यांनाच घेऊन ये म्हणून मी त्याला घालवले होते. घरी कुलूप. मग शेजाऱ्याच्या ओळखीने तोही भट्टीवर पोचला.

त्याने मला एकच विचारले, "सर, पेटी आहे का?" मी म्हटले, आहे, चल. वडील म्हणाले, उचल घेतली आहे, आता तो हाताशी आला आहे, पावसाळ्यात बघू. पावसाळ्यात तो आला नाही. ती पेटी मीच त्याच्या घरी पोचवली.

त्या मुलाला मी शाळेतून काढले असे माझ्या कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. हजेरीपटावर फक्त "गैरहजर" आहे.

ही शिक्षा आदिवासी मुलाला वेगळी का लागते?

शहरातल्या मुलाला तीन दिवस घरी बसवले तर तो घरी बसतो. आई ओरडते, वडील शाळेत येऊन मुख्याध्यापकांना भेटतात, चौथ्या दिवशी मूल वर्गात असते. या शिक्षेमागे एक गृहीत आहे : घरी कोणीतरी आहे, त्याला शाळेत येता येते, आणि शाळेच्या भाषेत बोलता येते. आपल्या मुलांच्या बाबतीत ही तिन्ही गृहीते बहुधा खोटी ठरतात.

पहिली गोष्ट स्थलांतर. पालघर, ठाणे, रायगडकडचे कातकरी, वारली, ठाकर पावसाळा सरला की वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, बांधकामावर जातात. नंदुरबारकडची भिल्ल, पावरा कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. दिवाळी ते पावसाचे पहिले नक्षत्र एवढा काळ अनेक पाड्यांत म्हातारी माणसेच उरतात. त्या दिवसांत "वडिलांना घेऊन ये" हा मुलाला दिलेला न सुटणारा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट अंतर. आश्रमशाळा निवासी असते ती यासाठीच की घर लांब आहे. पाड्यावर दिवसातून एक-दोन एसटी येतात, काही ठिकाणी त्याही येत नाहीत. मजुरी करणाऱ्या माणसाला शाळेत यायचे म्हणजे एका दिवसाची रोजी बुडवायची आणि वर भाडे भरायचे. आणि इतके करून ऐकायचे काय, तर मुलाच्या तक्रारी. असा बाप एकदा येतो, दुसऱ्यांदा "राहू दे घरी" म्हणतो.

तिसरी गोष्ट भाषा. भिली, पावरी, वारली, कोकणी, गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू ही मुले घरी बोलतात. शाळेची मराठी त्यांना पहिली काही वर्षे परकी असते. रागावलेल्या शिक्षकासमोर त्या परक्या भाषेत आपली बाजू मांडणे प्रौढालाही जमणार नाही. मूल गप्प राहते. आपण त्या गप्पपणाला माज समजतो आणि शिक्षा वाढवतो. माझ्याकडून हेच झाले.

निवासी शाळेतून घरी पाठवणे म्हणजे मुलाचा वर्ग, अंथरूण आणि दोन वेळचे जेवण एका वाक्यात काढून घेणे. मुलीच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी महिनाभर घरी राहिली की स्थळे येऊ लागतात. लग्नासाठी मुलीचे वय १८ पूर्ण हवे हे २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट आहे, पण घरी बसलेल्या मुलीभोवती कायद्याची भिंत फार पातळ असते. शाळेत असणे हेच तिचे खरे संरक्षण.

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ प्रमाणे पहिली ते आठवीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली, आणि तो करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते. मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पुरे होणे यांवर लक्ष ठेवणे हे कलम ८ ने शासनाचे कर्तव्य ठरवले.

इतके असूनही मुले बाहेर पडतात, कारण त्यासाठी काढून टाकण्याचा आदेश काढावाच लागत नाही. मूल एकदा घरी गेले की उरलेले काम परिस्थिती करते. किंवा पालकांना बोलावून अर्जावर अंगठा घेतला जातो, "स्वखुशीने दाखला नेत आहे", आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवला जातो. कागद स्वच्छ राहतो. सलग महिनाभर न आलेले मूल सरकारी मोजणीत शाळाबाह्य धरले जाते, पण ते कसे शाळाबाह्य झाले याचा रकाना कुठेच नसतो.

नववी-दहावीत तर कलम १६ चे छत्रही उरत नाही. त्यात दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट असते. नोव्हेंबरात घरी पाठवलेला मुलगा जानेवारीत परतला तर अभ्यास कसाबसा भरून काढेल, हजेरी कुठून आणेल? मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दे, असा सल्ला मिळतो. ज्याच्या घरात पुस्तक वाचायला दिवा आणि शिकवायला माणूस नाही, त्याच्यासाठी तो सल्ला म्हणजे निरोपच.

इथे आपल्या मंडळीच्या लोकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१४ साली प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अल्पसंख्याकांच्या शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा अधिनियम लागू होत नाही. म्हणजे मिशनच्या शाळा या निकालाने कायद्याच्या चौकटीबाहेर राहिल्या. ही सवलत आपल्याला आपली ओळख जपता यावी म्हणून मिळाली आहे. सर्वांत दुबळे मूल दाराबाहेर ठेवण्याची मोकळीक म्हणून आपण ती वापरली, तर शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराविषयी उपासनेत बोलण्याचा आपल्याला काय अधिकार? जिथे कायदा विचारत नाही, तिथे आपणच आपल्याला विचारले पाहिजे.

दुसरीकडचा अनुभव

ही शिक्षा मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिलेला देश म्हणजे अमेरिका. १९९४ साली तिथे शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभर बाहेर काढण्याचा कायदा झाला. हेतू समजण्यासारखा होता. पण पुढे तोच कडकपणा उशिरा येणे, उलट बोलणे, गणवेश नसणे अशा गोष्टींनाही लावला गेला.

टेक्सास राज्यात जवळपास १० लाख विद्यार्थ्यांच्या नोंदी सातवीपासून पुढे सहा वर्षे तपासल्या गेल्या. तो अहवाल २०११ साली आला. त्यातल्या सुमारे ६० टक्के मुलांना एकदा तरी निलंबित केले गेले होते किंवा बाहेर काढले गेले होते. त्याहून बोलकी गोष्ट अशी की कायद्याने काढणे भागच होते अशा घटना फक्त ३ टक्के होत्या. बाकीचे सगळे निर्णय शाळेच्या मर्जीचे होते. ज्यांना काढले ती मुले त्याच वर्गात पुन्हा बसण्याची, शाळा सोडण्याची आणि पुढे बालन्यायालयापर्यंत पोचण्याची शक्यता अधिक दिसली. मर्जीच्या शिक्षांत कृष्णवर्णीय मुलांचा वाटाही अधिक होता. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या समितीनेही या कडक धोरणांचा आढावा घेतला होता. त्यांमुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्या असे त्या समितीला आढळले नाही.

आपली परिस्थिती वेगळी आहे, आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण एक धडा इथेही लागू आहे : शिक्षा मर्जीवर असली की ती सारखी वाटली जात नाही. ज्याची बाजू घेणारे कोणी नाही, त्याच्या वाट्याला ती जास्त येते.

शिक्षकांचे काय?

आता दुसरी बाजू. हे लिहिताना शिक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. आश्रमशाळेतल्या शिक्षकाचे काम घंटा वाजली की संपत नाही. रात्री कोणाला ताप आला, कोण रडतो आहे, कोण पळाला, हे सगळे त्याच्या आणि अधीक्षकाच्या डोक्यावर. कुठे अधीक्षिकेचे पद रिक्त, कुठे एकाच शिक्षकाकडे दोन वर्ग. मूल पळाले आणि काही बरेवाईट झाले तर निलंबन शिक्षकाचे होते. या भीतीपोटी "नको ती जबाबदारी, जाऊ दे घरी" असे मनात येणे स्वाभाविक आहे.

छडी गेली ते चांगलेच झाले. पण छडीच्या जागी काय करायचे हे बहुतेक शिक्षकांना कोणी नीट शिकवले नाही. म्हणून "आमचे हात बांधले" ही तक्रार ऐकू येते. हातात उरलेले एकच साधन घरी पाठवणे, मग तेच वापरले जाते.

त्याने शिक्षकाला खरोखर काही मिळते का? चार दिवसांची शांतता मिळते. पण मूल परतते तेव्हा चार दिवसांचा अभ्यास मागे असतो, म्हणून ते आणखी कंटाळते आणि आणखी दंगा करते. त्याला घालवण्याचा निर्णय मुख्याध्यापकांच्या खोलीत झालेला असतो, म्हणून वर्गात त्या शिक्षकाच्या शब्दाचे वजन कमीच होते. बाकीची मुले एक गोष्ट शिकतात : इथे खरे बोलले तर घरी जावे लागते. मग कोण आजारी आहे, कोणाला कोण त्रास देतो, हे शिक्षकाला कोणी सांगत नाही. निवासी शाळेत शिक्षकाचे डोळे-कान ही मुलेच असतात, तीच गप्प झाली तर मोठे अनर्थ वेळेवर कळत नाहीत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. शाळेची पदे संचमान्यतेत पटावरून ठरतात. मुले गळाली की पट घटतो, पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. मुलाला सहज घरी पाठवणारी शाळा हळूहळू आपल्याच शिक्षकाची खुर्ची काढून घेत असते.

मग करायचे काय?

दंगा करणाऱ्या मुलाला काहीच म्हणू नये असे कोणी म्हणत नाही. लहान मुलांना मारणारा, चोरी करणारा मुलगा असतो आणि त्याच्यापासून इतरांना जपावेच लागते. त्याला काही वेळ वेगळे बसवा, दुसऱ्या खोलीत झोपायला ठेवा, मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवा. पण आवारातच ठेवा. प्रश्न शिस्त हवी की नको हा नाहीच, ती दाराच्या आत लावायची की बाहेर हा आहे.

आपल्या आदिवासी समाजातच याची एक जुनी रीत आहे. गावात भांडण झाले की पंच बसतात. दोन्हीकडचे बोलतात, चूक ठरते, दंड ठरतो, आणि बहुतेक ठिकाणी शेवट एकत्र जेवणाने होतो, कारण उद्या त्याच विहिरीवर पाणी भरायचे असते. या रीतीतही दोष आहेत, बायकांचे आणि दुबळ्यांचे तिथे नेहमी ऐकले जातेच असे नाही. पण तिचा गाभा घेण्यासारखा आहे. न्यूझीलंडने १९८९ च्या आपल्या बालकविषयक कायद्यात तिथल्या माओरी आदिवासींच्या अशाच पद्धतीला जागा दिली : चुकलेल्या मुलाबाबत निर्णय घेताना त्याचे कुटुंब, आणि ज्याचे नुकसान झाले तो, यांना एकत्र बसवायचे. शाळेतही हे करता येते. काय झाले, कोणाला त्रास झाला, तो कसा भरून काढणार, असे तीन प्रश्न विचारायचे. खिडकी फोडली तर ती बसवायला सुताराबरोबर उभे राहायचे. ज्याला मारले त्याची भांडी आठवडाभर घासायची. ही शिक्षाच आहे, फक्त ती मुलाला मंडळाबाहेर टाकत नाही.

दुसरी आठवण आपल्याच पालघर जिल्ह्यातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. गुरे चरतात तिथेच शाळा नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मूल येत नसेल तर शाळेने चार पावले टाकायची, हा धडा आपल्या मातीत कधीच घालून दिलेला आहे. महाराष्ट्रात अलीकडे बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक स्वतः भट्टीवर, फडावर जाऊन मुलांना परत आणतात, तेही याच वाटेवरचे.

आपण, वाचकांनी, काय करावे?

आपण वर्गणी देता, कपडे देता, नाताळात मुलांसाठी फराळ पाठवता. त्यासोबत एवढे करावे, ही विनंती आहे.

पहिले, ज्या वसतिगृहाला किंवा शाळेला आपली मंडळी मदत करते, तिथे भेट द्याल तेव्हा दहावीचा निकाल विचारण्याआधी हे विचारा : गेल्या वर्षी किती मुलांना घरी पाठवले? त्यांतली किती परत आली? जी आली नाहीत, त्यांच्या घरी कोण गेले? यासाठी एक साधी वही पुरते. ती वही नसेल तर प्रेमाने आग्रह धरा.

दुसरे, मुलाला एकट्याला घरी पाठवायचे नाही, असा नियम करून घ्या. पाठवावेच लागले तर मोठे माणूस बरोबर जाईल, पालक गावात आहेत की नाहीत याची आधी चौकशी होईल, आणि परत आणण्याची तारीख त्याच दिवशी ठरेल. या जाण्या-येण्याच्या एसटी भाड्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवा. अशा भाड्याला देणगीदार सहसा मिळत नाहीत, कारण त्याचा फोटो काढता येत नाही. पण कित्येकदा मूल शाळेत टिकते ते त्यावरच.

तिसरे, मुलांची बोली बोलणारे एक माणूस प्रत्येक वसतिगृहात असावे. स्वयंपाकीण मावशी असेल, माजी विद्यार्थी असेल. शिक्षा ठरण्याआधी मुलाने त्या माणसाशी आपल्या भाषेत बोलावे. माझ्या वसतिगृहातल्या मावशीला त्या मुलाच्या पाड्यावर गाडी कधी येणार हे माहीत होते. मी तिला विचारले नव्हते.

चौथे, गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक सदस्यांना बोलते करा. आणि एखादे मूल संकटात आहे असे दिसले तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक सर्वांना पाठ असू द्या.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा पाड्यांवर गाड्या येण्याचे दिवस जवळ आले असतील. त्या आठवड्यात एखादे मूल कुंपण ओलांडेल, एखादे वर्गात उगाच रडेल, एखादे विनाकारण भांडेल. आमच्या सर्व कार्यकर्त्यांना एकच सांगणे आहे : त्याला आधी जेवायला वाढा. मग विचारा, घरची माणसे कधी निघाली? आणि त्याची पेटी जिथे आहे तिथेच राहू द्या.